ठोकाठोकीचं शास्त्र

जेसीबी जिथे खणतो तिथे मराठी माणूस थांबतो. तो कचेरीत निघालेला असो नाहीतर लग्नाला, गाडी स्टँडवर लागते, हात पाठीमागे बांधले जातात आणि खड्ड्याच्या काठावर एक तज्ज्ञ समिती आपोआप स्थापन होते. २०१९ मध्ये जेसीबीची खुदाई बघत उभ्या राहणाऱ्यांवर देशभर विनोद झाले. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते आमच्या निफाड तालुक्यात कुणाला कळलं नाही. यंत्र बिचारं राबतंय आणि बघायला कुणी नाही, हे काय बरं दिसतं?

न्यूझीलंडमध्ये मात्र हे राजरोस चालतं. तिथे वायकाटो नावाचा मुलूख आहे. गवत, गायी, पाऊस आणि पुन्हा गवत, असा त्याचा भूगोल. माझा पुतण्या तिथल्या एका डेअरी फार्मवर मॅनेजर आहे. त्याच्याकडे मुक्कामाला असताना एक दिवस कळलं, की उद्या शेजारच्या हद्दीवर नवं कुंपण होणार आणि ट्रॅक्टरला लावलेलं खांब ठोकायचं यंत्र येणार. मी सकाळी लवकर आंघोळ उरकली, कानटोपी चढवली आणि जागा धरायला गेलो. जागा धरायची गरजच नव्हती. बघ्यांमध्ये मी एकटा. मालक घरात, पुतण्या गोठ्यावर, शेजाऱ्याचा पत्ता नाही. गायींनी तेवढी माणुसकी दाखवली. यंत्राचा आवाज ऐकून चाळीसएक गायी जुन्या तारेपलीकडे ओळीने येऊन उभ्या राहिल्या आणि रवंथ करत शेवटपर्यंत बघत होत्या. समितीचा कोरम त्यांच्यामुळे भरला.

कुंपणाचं एवढं काय कौतुक, असं कुणी विचारेल. तर पुतण्याच्या फार्मवर चारशेच्या आसपास गायी आहेत आणि त्या सांभाळायला अडीच माणसं. त्यातला अर्धा माणूस म्हणजे शाळा सुटल्यावर येणारा मालकाचा मुलगा. आपल्याकडे गुराखी, काठी आणि शिव्या मिळून जे काम करतात, ते तिथे खांब आणि तार करतात. शिव्यांचा भाग विजेकडे आहे. हे विजेचं कुंपण वाढलं तेही याच मुलखात. हॅमिल्टनजवळच्या बिल गॅलाघर यांचा जो नावाचा घोडा घरच्या मोटारीला अंग घासायचा. १९३० च्या दशकात गॅलाघर यांनी मोटारीला अशी काही वीज जोडली, की घोड्याने गाडी हलवली की त्याला झटका बसावा. घोडा एका दिवसात शहाणा झाला आणि गॅलाघर पुढे विजेच्या कुंपणांचे मोठे कारखानदार झाले, अशी कथा सांगतात. रानडुकरांना कंटाळून आपला शेतकरी आज जे झटका मशीन बसवतो, त्याच्या घराण्याच्या मूळपुरुषांत हा खाजरा घोडा धरायला हरकत नाही.

आता यंत्र. आपण ट्रॅक्टरच्या मागे ज्या तीन सांध्यांवर रोटाव्हेटर लावतो, त्याच सांध्यांवर एक उंच लोखंडी मनोरा उभा केलेला. त्या मनोऱ्यात वरखाली सरकणारा लोखंडी ठोकळा. वजन दोनशे ते तीनशे किलो. एक दांडी ओढली की हायड्रॉलिक त्याला वर नेतं, दांडी सोडली की तो खाली पडतो. झालं. यात कुठे संगणक नाही, सेन्सर नाही, ॲप नाही. वर जायला डिझेल लागतं, खाली येणं फुकट. अडीचशे किलोचा ठोकळा दोन मीटरवरून पडला तर खांबाच्या डोक्यावर जवळपास पाच हजार ज्यूलचा दणका बसतो. आमच्या शाळेत गुरुजींनी स्थितिज ऊर्जा शिकवताना टेबलावरची दौत वापरली होती. त्या दौतीने कुणाचंच डोकं उघडलं नाही. हे यंत्र वर्गाबाहेर उभं केलं असतं तर निम्मा वर्ग इंजिनिअर झाला असता.

या यंत्राचा पहिला नियम असा, की ठोकळा वर असताना खांब हाताने धरायचा नाही आणि डोकं, हात, नाक यांपैकी काहीही मनोऱ्याखाली न्यायचं नाही. खांब धरायला यंत्रालाच लोखंडी पकड असते. हे ऐकून मला आपल्याकडची पद्धत आठवली. एकाने पहार धरायची आणि दुसऱ्याने घण घालायचा. त्या दोघांत जो विश्वास लागतो तो बाजारात मिळत नाही. सख्खा भाऊ चालतो, मेहुणा चालत नाही, आणि वाटणीचा दावा चालू असेल तर सख्खा भाऊही चालत नाही.

यंत्रासोबत आलेला ठेकेदार हा पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा गोरा. जून महिना म्हणजे तिथला ऐन हिवाळा, आणि हा अर्ध्या चड्डीत आणि गमबुटात. तिथल्या शेतकऱ्याच्या गुडघ्यांना थंडी वाजत नाही, असं माझं निरीक्षण आहे. बोलणं फार कमी. "खांब किती खोल जाणार?" असं मी पुतण्याकरवी विचारलं, तर "पुरेसा" एवढंच उत्तर आलं. बाकी सगळ्याला "शील बी राइट", म्हणजे होईल सगळं बरोबर. आपल्याकडचे मिस्त्रीही हेच म्हणतात. फरक इतकाच, की त्याचं खरोखर बरोबर होत होतं.

मला वाटलं होतं की आल्याआल्या ठोकायला सुरुवात होईल. तसं नसतं. आधी कुंपणाच्या दोन टोकांना दोन जाडजूड खांब बसतात. मधल्यांपेक्षा लांब, मधल्यांपेक्षा खोल, आणि त्यांना आतून तिरका टेकू. कारण तारेचा सगळा ताण या टोकाच्या दोघांवर. मधले खांब तार नुसती उंचीवर धरून ठेवतात. ओढ सोसतात ते टोकाचे. कुठल्याही विकास सोसायटीचा सेक्रेटरी हे ऐकून मान डोलावेल. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तार जमिनीलगत ताणून घेतली. तिच्या कडेने चार-साडेचार मीटरवर एकेक खांब आडवा टाकत गेले. आणि मग ट्रॅक्टर निघाला.

खांब उचलायचा, निमुळतं टोक खाली, तारेला जेमतेम स्पर्श होईल असा उभा करायचा. मनोरा पुढेमागे, डावीउजवीकडे कलतो, त्याच्या वेगळ्या दांड्या. स्पिरिट लेव्हल एका बाजूने लावायची, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने. पहिला फटका अगदी हलका, अर्ध्या हातावरून. मला वाटलं यंत्र बिघडलं. पण तो फटका खांबाला दिशा दाखवण्यापुरता असतो. पुन्हा लेव्हल बघायची. दुसरा फटका जरा वरून. खांब एव्हाना स्वतःभोवती किंचित फिरू बघतो, कुठे मुळी लागली तर अंग चोरतो. मनोरा बोटभर कलवला की सरळ होतो. एकदा तो सरळ जातोय अशी खात्री पटली की मग ठोकळा पार वर जातो आणि मुलाहिजा संपतो. सहा फुटांच्या खांबातला दोन-सव्वादोन फूट जमिनीत जायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. लगेच पुढचा खांब.

दुपारी थंडी वाढली तेव्हा मी घराच्या ओसरीवर खुर्ची टाकली. तिथून हद्द तीनशे मीटरवर. आणि एक गंमत दिसायला लागली. ठोकळा पडायचा तेव्हा काहीच ऐकू यायचं नाही, आणि तो निवांत वर निघाला की "धप्प!" असा आवाज यायचा. आवाजाला तीनशे मीटर यायला पाऊण-एक सेकंद लागतो, त्याचा हा खेळ. सूनबाईने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "काका, याचा आवाज पुढेमागे झालाय वाटतं." मी म्हटलं, "व्हिडिओत काही दोष नाही बाई, समोरसुद्धा तसंच चाललंय."

आता बघ्याचं कर्तव्य. नुसतं बघणं हा बघेपणाचा अर्धाच भाग. खरा भाग म्हणजे सूचना. सकाळी ठोकाठोक चालू असताना एक खांब मला डावीकडे कललेला दिसला आणि तोंडून निघून गेलं, "अहो, जरा इकडं घ्या!" ठेकेदाराला मराठी येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, लेव्हल लावली आणि दांडी सुताभर हलवली. पुतण्याचं म्हणणं, तो तसाही हलवणारच होता. असेल. पण खांब कललाय हे ज्या सुरात सांगितलं जातं तो सूर जगात सगळीकडे एकच असावा. पुढचा खांब उभा केल्यावर त्याने लेव्हल लावायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. निफाडची तज्ज्ञ समिती आंतरराष्ट्रीय पातळीवर पोचली, ती अशी.

खांबांचा रंग हिरवट होता. जवळ जाऊन बघितलं तर ओल्या लाकडाला औषधाचा वास. चौकशी केली आणि खांबाची कुंडलीच हाती आली. लाकूड रेडिएटा पाइनचं. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियाचं. न्यूझीलंडमध्ये ते असं काही माजलं, की तिथल्या लाकूडधंद्याचा तोच आधार झाला. झपाट्याने वाढतं, सरळ वाढतं, पण नुसतं जमिनीत रोवलं तर काही वर्षांत कुजून जातं. म्हणून त्याला दाबाखाली तांबं, क्रोमियम आणि सोमल यांचं द्रावण पाजतात. मग ना बुरशी त्याच्या वाटेला जाते ना वाळवी. हे द्रावण शोधलं कुणी? सोंती कामेशम यांनी, १९३३ साली, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत! पुढे १९३८ मध्ये त्यांना अमेरिकेतही त्याचं पेटंट मिळालं, आणि जगभरच्या तारखात्यांचे, वीजमंडळांचे, शेतकऱ्यांचे खांब या औषधावर उभे राहिले. म्हणजे झाड कॅलिफोर्नियाचं, औषध देहरादूनचं, जमीन न्यूझीलंडची आणि देखरेख निफाडची. माझी छाती त्या थंडीतही दोन इंच फुगली.

पुतण्याने लगेच टाचणी लावली. म्हणाला, "काका, हे लाकूड जाळायचं नसतं बरं का. धुरातनं विष जातं." सोमल तो सोमलच. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घराच्या अंगणात, मुलांच्या घसरगुंड्यांना हे लाकूड वापरणं बंद झालं. न्यूझीलंडच्या मार्लबरोत द्राक्षबागांतले मोडलेले खांब साठत जातात आणि त्यांचं करायचं काय, हा तिथला कायमचा प्रश्न आहे. आपल्या द्राक्षबागांत लोखंडी अँगल असतात, म्हणून आपण या पेचातून सुटलो. नाहीतर मोडका खांब पडून राहिलाय आणि तो बंबात गेला नाही, असं आपल्या एकाही वस्तीवर घडलं नसतं.

हे यंत्र आपल्याकडे का नाही, याचाही मी विचार केला. ठोकलेला खांब पुरलेल्यापेक्षा घट्ट बसतो, कारण खांब आत घुसताना भोवतीची माती दाबत जातो. खड्डा घेतला की तीच माती मोकळी होते आणि मग ती कितीही ठेचा. पण हे सगळं मातीच्या मर्जीवर. वायकाटोची माती ज्वालामुखीच्या राखेची, भुसभुशीत. काही भागात तर पीट, म्हणजे हजारो वर्षं साचलेला कुजका पालापाचोळा. पीटमध्ये खांब शिऱ्यात चमचा रुतावा तसा जातो. ठेकेदार मात्र अशा जागी नाक मुरडतो, कारण जो खांब विनातक्रार आत जातो तो विनातक्रार बाहेरही येतो. आमच्याकडे वर काळी कसदार जमीन. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खांब दर हंगामाला वेगवेगळ्या नातेवाइकाकडे झुकतो. तिच्याखाली मुरूम. त्याच्याखाली काळा पाषाण. तिथे लाकडी खांबावर अडीचशे किलो सोडले तर खांबाच्या दातकोरण्या होतील. म्हणून आपण ट्रॅक्टरला गिरमिट लावतो, खड्डा घेतो, सिमेंटचा पोल उभा करतो आणि काँक्रीट ओततो.

तारेचं थोडक्यात सांगतो. आठ नंबरच्या तारेने जगातली कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते, असा न्यूझीलंडच्या माणसाचा राष्ट्रीय अभिमान आहे. फाटक, नांगर, मोटारीचा सायलेन्सर, काहीही. आपल्याकडे हे खातं बाइंडिंग तारेकडे आहे. विशेष म्हणजे कुंपणाला आता बहुतेक अडीच मिलिमीटरची कडक तार वापरतात, जाडजूड आठ नंबरची मागे पडली. पण अभिमान आठ नंबरवरच टिकून आहे. या लोकांनी कुंपण घालण्याचा खेळही केलाय. हॅमिल्टनजवळ मिस्टरी क्रीक इथे दर जूनमध्ये मोठं शेतीप्रदर्शन भरतं, त्यात कुंपण घालण्याच्या स्पर्धा होतात. एकेरीतल्या विजेत्याचा मान 'गोल्डन प्लायर्स', म्हणजे सोन्याची पकड. चिखलात गुडघाभर उभं राहून माणसं खांब रोवतात, तार ताणतात, आणि परीक्षक अंतर आणि उंची टेप लावून मोजतात. आपल्याकडे अशी स्पर्धा ठेवली तर परीक्षक कुठल्या गावचा, यावर पहिली फेरी रद्द होईल.

संध्याकाळपर्यंत हद्दीवर खांबांची सरळ रांग उभी राहिली. आणि तेव्हा मला दिवसभर काय खुपत होतं ते कळलं. इतका वेळ मी यंत्राकडे बघत होतो. बघायची गोष्ट वेगळीच होती. सकाळी जमिनीलगत ती तार ताणली, तेव्हा कुणी भांडलं नव्हतं! दोन मालकांच्या जमिनींमधली हद्द, तिच्यावर कायमचे खांब बसतायत, आणि ज्याची अर्धी हद्द तो शेजारी घरात बसून चहा पीत असावा. ही गोष्ट माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

पुतण्याने खुलासा केला. तिथे १९७८ चा कुंपण कायदा आहे. कुंपण हवं असेल तर शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. कसलं कुंपण, कुठून कुठे, खर्च किती. पटत नसेल तर शेजाऱ्याने एकवीस दिवसांत उलट नोटीस द्यायची. नाही दिली तर मान्य आहे असं धरतात. खर्च निम्मा निम्मा, आणि खांब हद्दीच्या रेषेवर. शेजाऱ्याने नोटीस वाचली, आपला निम्मा वाटा कबूल केला, विषय संपला.

मी क्षणभर फार भारावलो. मग वाटलं, कायदा आहे म्हणजे आधी भांडणं झालेली असणारच. सुखासमाधानाने नांदणाऱ्या लोकांना एकवीस दिवसांची मुदत कशाला लागते? आणि मुळात ती रेषा आली कुठून? इतिहास चाळला तर तिथे हातोडा नव्हता, बंदूक होती. १८६३ मध्ये सरकारी फौज वायकाटोत घुसली आणि पाठोपाठ माओरींची सुमारे १२ लाख एकर जमीन सरकारने जप्त केली. मग मोजणीदार आले, खुंट्या ठोकल्या गेल्या, रेषा आखल्या गेल्या. शेजारच्या तारानाकीत परिहाका गावाने नि:शस्त्र विरोध केला. १८८० मध्ये सरकारच्या माणसांनी रस्त्यासाठी त्यांच्या पिकांची कुंपणं मोडायची आणि गावकऱ्यांनी ती परत उभी करायची, असा क्रम चालला. कुंपण घालण्याच्या गुन्ह्याखाली शेकडो माणसं तुरुंगात गेली. वायकाटोच्या जप्तीबद्दल राज्यसत्तेने कायदा करून रीतसर माफी मागितली ती १९९५ मध्ये. त्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः सही केली. रेषा आखायला वेळ लागला नाही, कारण ज्यांची जमीन त्यांना विचारलंच नव्हतं. चुकली हे कबूल करायला एकशे तीस वर्षं गेली.

त्या मानाने आमचा बांध पुष्कळ सभ्य म्हणायचा. तिथे तीनच पिढ्यांचा वाद आहे.

बांध ही महाराष्ट्राची मूळ कुंपणपद्धत. कोकणात जांभ्याचा गडगा असतो, काट्याकुट्यांची वई असते. देशावर साबर, शेर, घायपात. कुणी शेवग्याचा नाहीतर पांगाऱ्याचा खुंट रोवतो. हा खुंट सोमलाशिवाय टिकतो, नुसता टिकत नाही तर फुटतो, वाढतो, त्याचं झाड होतं. मग शेंगा बांधाच्या पलीकडे लोंबतात आणि त्या कुणी काढायच्या यावरून दोन घरांचं जाणंयेणं थांबतं. न्यूझीलंडच्या खांबाला शेंगा येत नाहीत, ही त्यांची मोठी सोय आहे.

पण मुख्य प्रकार म्हणजे मातीचा बांध, आणि तो कोरता येतो. दरवर्षी नांगरताना एक तास बांधाच्या अंगाला घालायचं. एकदम हातभर घेतला तर दिसतं. चार बोटं घेतलं तर बैलावर ढकलता येतं, आणि ट्रॅक्टर आल्यापासून ड्रायव्हरवर. मग एक दिवस कुणीतरी मोजणीचा अर्ज भरतो. मोजणीचे प्रकार पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची असे चढत जायचे, डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच उरले. इंग्रजांच्या काळात तेहतीस फुटांची साखळी ओढत मोजायचे. सोळा आण्यांची एक साखळी, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आता मोजणीदार रोव्हर घेऊन येतो आणि आकाशातले उपग्रह त्याला हद्द दाखवतात. उपग्रह सांगतो, रोव्हर दाखवतो, नकाशा जुळतो. फक्त बांधशेजारी मान हलवतो आणि म्हणतो, "आमच्या आज्याच्या वेळी इथं बोरीचं झाड होतं." पृथ्वीभोवती फिरणाऱ्या सगळ्या उपग्रहांपेक्षा ते बोरीचं झाड वजनदार असतं, कारण ते आता नाही.

सरकारलाही हे कळतं. २०२३ मध्ये सलोखा योजना आली. ज्याच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या ताब्यात, असा निदान बारा वर्षांचा उलटसुलट मामला असेल, तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी भरून कागद सरळ करून घ्या. दोन हजार रुपयांत पिढ्यांचं वैर मिटतं. अट एकच. दोघांनी एकत्र जाऊन सही करायची. आमच्या भागात दोन हजार लगेच निघतील. एकत्र जायची गाडी कुणाची, इथे अडेल.

तर असं आहे. खांब ठोकायला दोन मिनिटं लागतात, आणि तिथेच सगळी अक्कल खर्च करून लोकांनी इतकं देखणं यंत्र बनवलं. खरं अवघड काम ठोकळा वर जायच्या आधीचं. त्या कामाला अजून कुणी मनोरा उभा केलेला नाही आणि त्याला हायड्रॉलिक लावायची सोय नाही.

रात्री न राहवून मी तो व्हिडिओ आमचे बांधशेजारी तात्या यांना पाठवला. आमचं बोलणं तसं चालू असतं. वाद बांधाचा आहे, माणसांचा नाही, असं दोन्ही घरांत अधूनमधून म्हटलं जातं. तिकडे दुपार असेल, लगेच फोन आला.

"नाना, हातोडा नंबर एक आहे. पण ती तार धरली होती कुणी?"

"ठेकेदाराने."

"आन् शेजारी?"

"तो नव्हता आला."

पलीकडे बराच वेळ शांतता. "नव्हता आला? आन् ठोकू दिले?"

मग मी त्यांना १९७८ चा कायदा सविस्तर सांगितला. नोटीस, एकवीस दिवस, निम्मा खर्च, सगळं. तात्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"चांगलं आहे हो, नाना. आपणबी तसंच करू. तुम्ही आलात की पोल आणू. निम्मा खर्च माझा, हा माझा शब्द. फक्त पोल तेवढे तुमच्या अंगाने घ्या."

"तात्या, खर्च निम्मा तर जागाही निम्मी निम्मी."

"अहो, जागेचं कोण बोलतंय?" तात्या म्हणाले. "जागा माझीच आहे. मी पोलांचं बोलतोय."